मायची खोळ

१३ जानेवारी १८६५, शुक्रवार. अकोला

मनकर्णा आणि मी डोंगरावरच्या मोडक्या देवळाच्या पायरीवर बसून बोरं खात असू. समोर पांडवांची कणगी. कणगी म्हणजे एकाच दगडातून कोरलेला, माणसाहून उंच, वरून गोल असा घुमट. पांडवांनी त्यात ज्वारी भरून ठेवली होती असं गावात म्हणत. बोराची बी तोंडातून उडवायची, आणि जिची बी कणगीच्या माथ्यावर पडेल तिची रिकामी टोपली दुसरीनं खाली न्यायची, असा आमचा नेम. मनकर्णेची बी बहुतेक वेळा लागायची. माझी माझ्याच लुगड्यावर पडायची. "शाळेत हेच नाई शिकवलं वाटते तुले," असं म्हणून ती आपली टोपली माझ्या टोपलीत घालायची. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण काल संक्रांतीची बोरं निवडताना ते आठवलं आणि हातातलं सूप तसंच राहिलं.

ही वही गोवर्धननं कचेरीतून आणून दिली. गोवर्धन माझा भाचा. माझा भाऊ गेल्यापासून याच्या संसारात मी आहे; त्याआधी तो माझ्या मांडीवर होता. आज कचेरीतून आला तो पगडी न काढताच माझ्यासमोर बसला.

"आत्या, तुले चित्रं काढता येतात ना अजून?"

"येतात. काहून?"

मग त्यानं सांगितलं. आगगाडीचा रस्ता अकोल्याकडे येतो आहे. नदीनाल्यांवर पूल बांधायचे, त्याला घडीव दगड हवा. ठेकेदारानं अर्ज केला आहे की तेल्हाऱ्याच्या उत्तरेला एका डोंगरावर जुन्या पडक्या इमारती आहेत, तिथला दगड मिळावा. साहेबानं गोवर्धनला सांगितलं, जाऊन यादी कर. ज्या दगडांची पूजा चालते ते देवाचे, बाकीचे बेवारस. यादीसोबत चित्रं हवीत.

"कोणता डोंगर?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"धामणखेडचा. तुह्या सासरचा."

मी नाही म्हणाले. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, असं कारण दिलं.

१५ जानेवारी, रविवार

डोळ्यांचं कारण खोटं होतं. चष्म्यानं मला सुई ओवता येते. वहीत तरी खरं लिहावं.

माझा बाप जालन्याच्या छावणीत भाजी आणि फुलं पुरवायचा. तिथल्या कॉन्व्हेंटला वेदीसाठी रोज फुलं लागत. त्या फुलांच्या बदल्यात मादरनं, म्हणजे तिथल्या मोठ्या जोगिणीनं, मला शाळेत घेतलं. वाचणं, लिहिणं, कशिदा आणि पेन्सिलीनं चित्र काढणं मी तिथंच शिकले. त्यापायी लग्नाला उशीर झाला, आणि मिळालं ते स्थळ लांबचं, धामणखेडच्या माळ्यांचं. माझ्या घरधन्यांची डोंगराच्या पायथ्याशी फुलांची वाडी होती. मायच्या पूजेची फुलं आमच्याकडून जात, आणि पूजा होती शेजारच्या शालिकराम गुरवाकडे. मनकर्णा त्याची बायको. ती आणि मी मिळून फुलं वर नेत असू.

माय म्हणजे गाभाऱ्यातली मूर्ती. पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर चढून चढून तिला नाक उरलं नव्हतं, की कान. नुसता लाल गोळा आणि वर चिकटवलेले चांदीचे दोन डोळे. शाळेत शिकवलं होतं की आत दगड आहे. तो दगड एकदा बघावा, असं मला फार वाटायचं.

एकतीस वर्षं झाली. माघी पुनवेच्या आधीची गोष्ट. मनकर्णा टाक्यावर पाणी आणायला गेली होती. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि मायच्या कानाच्या जागी खरवडलं. विड्याच्या पानाएवढा तुकडा हातात आला. आत काळ्या दगडाचा कान दिसला, पार खांद्यापर्यंत लोंबणारा. मी घाबरले. तेलात शेंदूर कालवून तो तुकडा होता तसा चिकटवला. मनकर्णा आली तेव्हा मी फुलं निवडत होते.

आठव्या दिवशी घरधनी पटकीनं गेले. भाऊ आला आणि मला अकोल्याला घेऊन आला. महिन्याभरानं निरोप कळला की मायच्या अंगावरची शेंदराची सगळी खोळ गळून पडली आणि शालिकराम पूजा टाकून उमरावतीला निघून गेला. तो परत आलाच नाही. मनकर्णा पदरात एक पोर घेऊन राहिली.

माझ्यावर माय कोपली असेल तर ते मी समजू शकते. मनकर्णेनं काय केलं होतं?

तिला माहीत आहे, याची मला खात्री आहे. दर साली माघी पुनव झाली की तिकडची एखादी गाडी येते आणि गाडीवान पळसाच्या पानात बांधलेली पुडी देऊन जातो. आत शेंदराच्या खोळीचा नखाएवढा तुकडा. निरोप काही नसतो. तीस वर्षांत तीस पुड्या आल्या. समजायचं ते मी समजले. मी एकीलाही उत्तर धाडलं नाही.

२२ जानेवारी, रविवार

गोवर्धनला सांगितलं, येते. त्यानं कारण विचारलं नाही. पेन्सिली मिळवायला मात्र तीन दुकानं फिरला.

कारण हे की त्या डोंगराचा दगड गेला तर ती जागाच राहणार नाही, आणि मग मी मनकर्णेला कुठं उभी राहून सांगणार? आणि सांगायचं तर आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही तरी सांगायचं.

३० जानेवारी, सोमवार. तेल्हारा

रस्ताभर कापूस. गाड्यांतून सांडलेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या आहेत. तिकडे कुठं अमेरिकेत लढाई आहे म्हणून इकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. आमच्या गाडीवाल्यानं तर हरभरासुद्धा पेरला नाही. "हरभरा इकतच घेतो ना आता," म्हणाला, आणि असं म्हणाला की जणू राजा झाला.

वाटेत एकही फुलझाड दिसलं नाही. पूर्वी इथं मळ्यांच्या बांधांना झेंडू असायचा.

पुड्यांचा डबा सोबत घेतला आहे. तो कशाला घेतला ते मलाही नीट सांगता येणार नाही.

१ फेब्रुवारी, बुधवार. धामणखेड

गाडी थांबली तेव्हा एक म्हातारी अंगणात मिरच्या खुडत होती. मी मनात म्हटलं, ही कोण बरं. तिनंही माझ्याकडे तसंच पाहिलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"जयवंता? अवं, तू तं म्हातारी झाली!"

"आणि तू?"

"मी कुठी? मी हाये तशीच हाये. दात तेवढे गेले." आणि माझं गाठोडं माझ्या हातातून ओढून घेऊन ती आत गेली सुद्धा. आतून ओरडली, "चावडीत उतरून राहिली का काय? पोट्ट्याले जाऊ दे चावडीत. तू इथीच."

गोवर्धन तेहेतीस वर्षांचा आहे. त्याला पोट्टा म्हटलेलं त्यानं निमूट ऐकलं.

तिनं भाकर आणि मिरच्यांचा ठेचा वाढला. ती बोलत होती, सगळ्यांबद्दल बोलत होती. नातवंडं, माझे दीर, कापूस, पाटलाची नवी घोडी. डोंगराबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. तिचा हा मोठेपणा मला जड जातो आहे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर गेलो. मनकर्णा पुढे, मी मध्ये, गोवर्धन मागे दोरी आणि गज घेऊन. ती अजून वाटेत थांबत नाही. मी सात ठिकाणी थांबले.

वर पोचल्यावर मात्र मी थकवा विसरले. लहानपणी पाहिलेलं घर मोठेपणी लहान वाटतं म्हणतात, पण हे तर मोठं झालं होतं. तेव्हा मी नुसतीच बोरं खात होते. आज चित्र काढायला बसले आणि एकेक गोष्ट दिसायला लागली.

पहिला दगडी चौथरा, त्यावर सोळा खांबांचा मंडप. छप्पर पडलेलं, नऊ खांब उभे. भिंतीवर गणपती, नंदी, आणि एक नाचणारा शंकर, त्याचे दोन हात तुटलेले. हे सगळं नंतरचं, असं गोवर्धन म्हणतो. मंडपाच्या मागे डोंगराचा कडा, आणि कड्यात ओळीनं कोरलेल्या अकरा कोठड्या. प्रत्येक उघड्या कोठडीत दगडाचाच ओटा, एक माणूस निजेल एवढा, आणि उशाच्या जागी दगडच किंचित उंच. कोठड्यांच्या मधोमध मायचा गाभारा. पुढे कणगी. उजवीकडे पाण्याचं टाकं.

"साहेब म्हणत होते," गोवर्धन म्हणाला, "असं वेरूळाले आहे, अजिंठ्याले आहे. बौद्धांचे साधू राहत इथं. ही कणगी नाही, त्यायची पूजेची जागा आहे."

"पांडवाची कणगी हाये," मनकर्णा म्हणाली.

"मावशी, कणगीले तोंड पाहिजे ना. याच्यात ज्वारी भरायची कुठून?"

"भीमानं भरली अन् मंग तोंड बुजवलं. तू पाह्यला होता का तवा?"

गोवर्धननं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यानं मला दाखवलं नाही.

मायपुढे मी पदर पसरला, पण वर पाहिलं नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस नुसती चित्रं. खांबांची झाली. कोठड्यांची सहा झाली. दगडावरची पाकळी काढताना मादरची आठवण येते. ती म्हणायची, जे दिसतं तेच काढ, जे माहीत आहे ते काढू नको. एका ओट्याच्या कडेला हाताच्या टेकूनं पडलेला गुळगुळीत खळगा आहे. कुणी साधू रोज तिथंच हात टेकून उठत असेल. तेवढा खळगा काढायला मला अख्खी सकाळ लागली.

गोवर्धन काळजीत आहे. मंडपात गणपती आहे, गाभाऱ्यात माय आहे, तेवढं वाचेल. पण कोठड्यांची पूजा होत नाही, कणगीची होत नाही. कड्याचा दगड सर्वांत चांगला आणि ठेकेदाराचा डोळा नेमका तिथंच. "मी खोटं लिहू शकत नाही, आत्या," तो म्हणाला. मला त्याचा अभिमानही वाटला आणि रागही आला.

७ फेब्रुवारी, मंगळवार

काल सांगणार होते. ती माझ्या पायातला काटा काढत होती. मी "मनकर्णे" म्हटलं आणि तिनं "हलू नको" म्हटलं. राहिलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आजच लिहिते. उद्या लिहिलं तर तिचे शब्द माझे होऊन जातील.

अकरापैकी दहा कोठड्या उघड्या आहेत. शेवटचीचं तोंड चिऱ्यांनी बंद केलेलं. गोवर्धन म्हणाला, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय यादी पुरी होणार नाही. मला वाटलं मनकर्णा भांडेल. ती म्हणाली, "पाहा ना. आजचा दिवस बरा हाये. पन गड्यायचं काम नोहे ते. तू जाय, कणगी मोज." त्याला असं वाटेला लावून तिनं आणि मी मिळून चिरे सरकवले. ते सैल होते, कुणीतरी अधूनमधून काढत असावं.

आत ओट्यावर ओळीनं मांडलेल्या खोळी होत्या.

माणसाच्या चेहऱ्याएवढ्या, खांद्यांसकट, आतून पोकळ. नऊ होत्या. कडेच्या जुन्या काळ्या पडलेल्या, अलीकडच्या लाल. काही तळहाताएवढ्या जाड. आत प्रत्येकीत मूर्तीचा ठसा उलटा उमटलेला. सर्वांत जुन्या खोळीत तो इतका स्वच्छ होता की मी चष्मा पुसून पाहिला. मिटलेले डोळे, कुरळ्या केसांच्या बारीक गाठी, लांब कान. बाईचा चेहरा नव्हता तो. डोळे मिटून बसलेल्या साधूचा होता.

"ह्या काय आहेत?" मी विचारलं.

"मायनं टाकलेल्या. शेंदूर लय झाला का माय कात टाकते. पंचवीस-तीस सालानं. ही माह्या आजेसासूच्या वक्तीची, ही सासूच्या वक्तीची. अन् ही माही."

"दर वेळी पडते?"

"नाई पडन तं मायचं डोकं दुखन ना एवढ्या वजनानं."

मी तिची खोळ पाहिली. कडेनं तुकडे काढलेले होते. कानाच्या जागी विड्याच्या पानाएवढा भाग वेगळ्या रंगाचा, वेडावाकडा चिकटवलेला. ते माझंच काम होतं. मी तिथंच ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. आकडा, कान, तेल, शेंदूर, घरधनी, शालिकराम. रडले नाही. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "कानाकून?"

"हो."

"हनुवटीकून नाई?"

"नाही. हनुवटीला मी हातही लावला नाही."

तिनं खोळ हातात घेतली. हनुवटीच्या कडेला विळ्याच्या पात्यानं पडाव्यात तशा दोन सरळ रेघा होत्या. मी बोट ठेवलं. "मग हे काय?"

"उंदीर असन," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. उंदराच्या दातांच्या रेघा इतक्या सरळ कशा, हे मला समजलं नाही, पण त्या वेळी विचारण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "हसू नकोस. माझ्यामुळे तुझा संसार मोडला."

"कोन म्हनते? अवं, शालिकराम तं संक्रांतीपासूनच जातो जातो करून राह्यला होता. उमरावतीले दुसरी होती त्याची. मायची खोळ पडाच्या अगोदरच बिछाना बांधून ठेवला होता त्यानं. तो नुसताच गेला असता तं पूजा जात होती माह्या दिराच्या घरी. मी अन् पोरगी काय खात होतो? पन पुनवेच्या दिवशी मी आंघोळ घालत होती, साऱ्या गावासमोर, अन् खोळ आली सरळ माह्या पदरात. पाटलानं सांगतलं, मायनं बाईले निवडलं. तवापासून पूजा माह्या नावानं. एकतीस सालापासून माह्या गोताची पाच घरं जेवतात त्याच्यावर." मग हळूच म्हणाली, "तू कानाकून सैल केली होती म्हणून एवढी अलगद आली वाटते. मले तवाच नवल वाटलं होतं."

"आणि आमचे धनी?"

आता ती हसली नाही. "त्या साली तेल्हाऱ्यात पटकीनं दीडशे माणूस गेलं. त्या साऱ्यायनं काय मायचा कान खरवडला होता? येडी नोको होऊ."

एवढी वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलं नाही, तर सांगणार कोण!

"मग त्या पुड्या?" मी विचारलं. "दर साली धाडतेस त्या?"

"कायच्या पुड्या? तो मायचा तुकडा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अवं, गाव सोडून गेलेल्या लेकीले धाडतात तो. ये म्हणून. माय बलावते म्हणून. सारे धाडतात. तुले कोनी सांगतलंच नाई?"

मी मान हलवली. मी तिथं दोनच वर्षं होते, आणि त्या दोन वर्षांत खोळ पडली नव्हती.

"तीस खेपा बलावलं तुले," ती म्हणाली. "पह्यल्या साली तं मी गाडीवानाले इचारलं, घेतली का तिनं? घेतली म्हणे. मंग वाट पाह्यली. मले वाटलं, शाळा शिकलेली बाई हाये, कायले येते गोट्याच्या पाया पडाले."

मग तिनं पुढे होऊन माझा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि उलटाच माझ्या नाकावर बसवला.

त्यानंतर मी जुन्या खोळीतल्या चेहऱ्याचं चित्र काढलं. तिला दाखवलं, हा बघ, आत असा कुणी साधू आहे. गोवर्धन म्हणतो तसा बौद्धांचा.

"आमाले ठाव हाये," ती म्हणाली. "माह्या सासूनं सांगतलं होतं, माय हाये पन तोंड बापाचं हाये. आत कोनी बी असो. शेंदूर आमी लावला ना? मंग आमची माय."

बाहेर येताना दंड धरून तिनं मला थांबवलं. "अन् हे पाहा, गावात बोलू नोको. माही पूजा हाये त्याच्यावर."

मी म्हटलं, नाही बोलणार. फक्त या वहीत लिहीन. ती म्हणाली, "वहीले वाचता येत नाई ना? मंग लिही."

१० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठले आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. मग समजलं की छातीवर जे असायचं ते आज नाही.

मनकर्णेनं आज गोवर्धनलाही खोळींची कोठडी दाखवली आणि तो बाहेर येऊन नाचायचाच बाकी राहिला. पूजेच्या वस्तू! कोठड्यांची ओळ एकच, गाभारा त्यांच्या मध्येच. म्हणजे सगळा कडा देवस्थानाचा. खोटं एक अक्षर नाही. "पण ही कणगी," तो म्हणाला. "हिचं काय लिहू?"

मनकर्णेनं आपल्या टोपलीतून शेंदूर घेतला, कणगीपाशी गेली, टाचा उंच करून अंगठ्यानं एक टिळा लावला, आणि हात जोडले.

"मावशी, हे काय करून राहिली?"

"पूजा. तुह्या सायबाले लिही, चालू हाये."

"पण ही तर आज सुरू झाली!"

"मंग आजची तारीख घाल. खोटं नोको लिहू."

गोवर्धननं माझ्याकडे पाहिलं. मी चित्र काढण्यात गुंतले होते. त्यानं तारीख घातली.

खालच्या चौथऱ्याचे सुटे दगड आणि पायऱ्यांपैकी मोडक्या तीस मात्र बेवारसांत गेल्या. आम्ही बोरं खात बसायचो ती पायरी त्यांतच आहे. वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार. माघी पुनव

पाच गावांचे लोक वर आले. नवी लुगडी, नव्या पगड्या, चांदी. आणि मायच्या गळ्यात फुलं नाहीत, कापसाच्या बोंडांची माळ! फुलवाड्या सगळ्यांनी मोडल्या, सगळीकडे कपाशी. माझ्या सासरच्या वाडीतही कपाशी आहे. मायला बोंडं शोभत होती हे खरं, पण मी माळ्याची लेक आणि माळ्याची सून. मला ते बघवेना.

मनकर्णेनं पाणी घालताना मला हाताशी घेतलं. चांदीच्या डोळ्यांकडे मी सरळ पाहिलं. त्यांच्या मागे मिटलेले डोळे आहेत हे आता मला माहीत आहे. त्यामुळे भीती वाटली नाही. कान मात्र मी चुकूनही धुतला नाही.

लेक आली की पुडीतले तुकडे टाक्यात सोडायचे, अशी इथली रीत. मी डबा उघडला. बायका मोजायला लागल्या आणि वीस झाल्यावर थांबल्या. "बापा! एवढ्या खेपा बलावलं तरी आली नाई ही?" एकजण म्हणाली. "आता आली ना," मनकर्णा म्हणाली, "चूप ऱ्हाय."

दुपारी मी माझ्या दिरांकडे गेले. म्हटलं, वाडीतली विहिरीजवळची एक पट्टी मला द्या. ते म्हणाले, वहिनी, ती तुमचीच आहे, पण या वयात करणार काय? मी म्हटलं, झेंडू.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

गोवर्धन आज निघाला. मी गाडीत बसले नाही, तेव्हा त्याला कळलं. त्यानं खूप समजावलं. मग रडला. मनकर्णेनं त्याला ठेचा बांधून दिला. त्याच्यासोबत जी चिठ्ठी दिली तिची नक्कल इथं ठेवते, कारण तो कागद हरवतो.

चि. गोवर्धनास अनेक आशीर्वाद. आत्यानं सांगितलेलं घरी गेल्यावर असं करावं.

चांगली चोवीस चित्रं कचेरीत द्यावी. खळग्याचं चित्र साहेबाला समजावून सांगावं, नाहीतर तो डाग समजेल. कच्ची चित्रं आणि उरलेल्या पेन्सिली तुझ्या लेकीला, वच्छलेला. ती कोळशानं भिंती रंगवते म्हणून तिला रागावू नये, कागद द्यावा. तिला कोणी शिकवणारी मिळते का पाहावं. नाही मिळाली तर चैत्रात माझ्याकडे धाडावं.

माझी निळी पैठणी आणि कशिद्याची चौकट तुझ्या माणिकबाईला. सूनबाई म्हणून नव्हे, तिनं मला कधी उपाशी झोपू दिलं नाही म्हणून. किल्ल्या तर आधीपासून तिच्याकडेच आहेत, हे तुला माहीत नसावं.

शेजारच्या मैनाबाईला माझं जातं. तिचं फुटलं आहे आणि ती मागणार नाही. तूच नेऊन ठेव, दोन माणसं लागतील.

मादरनं दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक तुझं. त्यातलं इंग्रजी तुला येईल. पहिल्या पानावर तिच्या हातचं माझं नाव आहे, ते फाडू नये.

माझी खाट कोणालाही दे. गादीतला कापूस काढून विकू नको, भाव कितीही असो.

झेंडूचं बी, गोंड्याचं आणि साधं, दोन्ही, मागच्या दाराच्या कोनाड्यात मातीच्या बोळक्यात आहे. ते मात्र पहिल्या गाडीनं इकडे धाड.

माझी काळजी करू नये. इथं मी बरी आहे. आणि कोणी विचारलं तर सांग, आत्या सासरी गेली.